लांब कनेक्टिंग रॉडने टॉर्क वाढतो का? रॉड, स्ट्रोक आणि पिस्टनची चाल

प्रश्न असा आहे: कॉलेजच्या प्रयोगशाळेत किर्लोस्करचं टीव्ही१ हे एक सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. स्ट्रोक (पिस्टनची वरून खालपर्यंतची चाल) तोच ठेवून लांब कनेक्टिंग रॉड (पिस्टनला फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा) टाकला, तर पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, जास्त वेळ थांबतो आणि टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) वाढतो, असं ऐकलंय. हे खरं आहे का? आणि त्याऐवजी स्ट्रोक वाढवला तर काय होईल?

आधी थेट उत्तर देतो. लांब रॉडने पिस्टन टीडीसीजवळ जास्त वेळ राहतो हे खरं आहे, पण हा 'जास्त वेळ' इतका कमी आहे की या इंजिनावर तो तुम्हाला मोजताही येणार नाही. टॉर्क त्याने वाढत नाही. स्ट्रोकचा परिणाम मात्र मोठा असतो आणि तो इंजिनाच्या प्रत्येक भागाला जाणवतो. रॉडच्या लांबीचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्ही१ चे आकडे घेऊ. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, कनेक्टिंग रॉड २३४ मिमी, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते) १७.५, वेग १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे). रॉडची लांबी मोठ्या भोकाच्या मध्यापासून छोट्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजायची, टोकापासून टोकापर्यंत नाही. स्ट्रोक ११० म्हणजे क्रँकची त्रिज्या ५५ मिमी. हिशोबात सगळीकडे ही ५५ येते. नवीन मुलं तिथे ११० घालतात आणि उत्तर हुकतं.

क्रँक टीडीसीपासून ९० अंश फिरला की पिस्टन बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ५५ मिमी खाली असेल असं वाटतं. तसं होत नाही, कारण तोपर्यंत क्रँकपिन (रॉड क्रँकला जिथे जोडलेला असतो ती पिन) बाजूला गेलेली असते आणि रॉड तिरका झालेला असतो. तिरक्या रॉडची उभी उंची त्याच्या लांबीपेक्षा कमी भरते. पायथागोरसने काढा: २३४ चा वर्ग वजा ५५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २२७.४. म्हणजे रॉड साडेसहा मिमीने 'आखूड' झाला आणि तेवढाच पिस्टन जास्त खाली आला. पहिल्या ९० अंशांत पिस्टन ६१.६ मिमी खाली येतो आणि पुढच्या ९० अंशांत फक्त ४८.४ मिमी. रॉडच्या लांबीचा पिस्टनच्या चालीवर जो काही परिणाम आहे, तो सगळा या साडेसहा मिमीतून निघतो.

स्ट्रोकचा बरोबर मध्य क्रँकच्या किती अंशांवर येतो, हे काढायची एक सोपी रीत आहे. पिस्टन मध्यावर असताना गजन पिन (रॉड पिस्टनला जोडणारी पिन) आणि क्रँकच्या केंद्रातलं अंतर नेमकं रॉडच्या लांबीइतकं असतं, म्हणजे तिथे समद्विभुज त्रिकोण तयार होतो. मग त्या कोनाचा कोसाइन म्हणजे क्रँकची त्रिज्या भागिले रॉडच्या लांबीची दुप्पट. ५५ भागिले ४६८, म्हणजे ०.११७५, म्हणजे ८३ अंश आणि वर पाव. रॉड अनंत लांब असता तर हा कोन ९० आला असता. वहीत हा त्रिकोण एकदा हाताने काढा, पुढचं सगळं त्यावरून दिसेल.

आता वेग. १५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ५.५ मीटर येतो: दोन स्ट्रोक गुणिले सेकंदाचे २५ फेरे. पण पिस्टन दर स्ट्रोकला शून्यापासून सुरू होऊन शून्यावर थांबतो, त्यामुळे मधला कमाल वेग जास्त असतो, इथे सुमारे ८.९ मीटर. तो ९० अंशांवर नाही, ७७ अंशांच्या आसपास येतो. तिथे रॉड आणि क्रँक एकमेकांशी जवळजवळ काटकोन करतात.

त्वरणाचा आकडा आणखी बोलका आहे. टीडीसीवर पिस्टनचं त्वरण १६७६ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि बीडीसीवर, म्हणजे सगळ्यात खालच्या टोकाला, १०३८. इंजिन तेच, फेरा तोच, तरी वरच्या टोकाला पिस्टन दीडपटीहून जोरात खेचला जातो. पिस्टन, रिंगा आणि गजन पिन मिळून एक किलो धरले, तर टीडीसीवर रॉडला सुमारे १७० किलोचा ओढा बसतो. कॉम्प्रेशनच्या शेवटी गॅसचा दाब समोर असतो म्हणून हा ओढा झाकला जातो. एक्झॉस्टच्या शेवटी तसा दाब नसतो, तेव्हा पिस्टनला थांबवून परत खाली खेचण्याचं काम बिग एंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाच्या) दोन बोल्टांवर येतं. म्हणून ते बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, अंदाजाने नाही, आणि कंपनीने बदला म्हटलं असेल तर बदलायचेच.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येऊ. तुलना स्पष्ट दिसावी म्हणून लांब रॉडऐवजी आखूड घेतो. समजा याच क्रँकवर १९० मिमीचा रॉड आहे. रॉड भागिले स्ट्रोक हे गुणोत्तर २.१३ वरून १.७३ वर आलं, म्हणजे बऱ्याच कारच्या पेट्रोल इंजिनांसारखं. रॉडमध्ये हा ४४ मिमीचा फरक आहे; प्रत्यक्षात एवढा बदल कुणी करत नाही.

पिस्टन टीडीसीपासून १ मिमीच्या आत क्रँकच्या किती अंशांपर्यंत राहतो? २३४ च्या रॉडवर दोन्ही बाजू मिळून १९.७ अंश, १९० च्या रॉडवर १९.३ अंश. फरक ०.४ अंशाचा. १५०० आरपीएमला तो सेकंदाचा साधारण वीस हजारावा भाग होतो. इंजेक्शन पंपाच्या टायमिंगमध्ये, नॉझलच्या दाबात, डिझेल पेटायला लागणाऱ्या वेळात याहून कितीतरी जास्त फरक रोजच पडत असतो. या इंजिनाचं इंजेक्शन टीडीसीआधी २३ अंशांवर असतं. तेव्हा पिस्टन २३४ च्या रॉडवर ५.४ मिमी खाली असतो, १९० च्या रॉडवर ५.६ मिमी. एवढ्या फरकाने ज्वलन बदललं असं प्रयोगवहीत लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न मोजमापाच्या अचूकतेवरच विचारेल.

लांब रॉडने पिस्टन 'दोन्ही टोकांना' जास्त थांबतो असं काही जण ठासून सांगतात. ते चूक आहे. बीडीसीला उलटं होतं: तिथे आखूड रॉडवर पिस्टन जास्त रेंगाळतो. बीडीसीपासून १ मिमीच्या आत पिस्टन २३४ च्या रॉडवर दोन्ही बाजूंना साडेबारा-साडेबारा अंश राहतो, १९० वर जवळपास तेरा-तेरा. एका टोकाला वाढलेला वेळ दुसऱ्या टोकाकडून घेतलेला असतो. एकूण फेरा ३६० अंशांचाच आहे.

टॉर्कच्या बाबतीत तर लोकांची समजूत नेमकी उलटी आहे. पिस्टनवरच्या बलाला क्रँकवर किती तरफ मिळते, हे पिस्टन दर अंशाला किती सरकतो यावरून ठरतं. टीडीसीनंतर ३० अंशांवर २३४ च्या रॉडला ३३.१ मिमीची तरफ मिळते आणि १९० च्या रॉडला ३४.५ मिमीची. म्हणजे दाब सगळ्यात कामाचा असतो तिथे आखूड रॉडच चार टक्के पुढे! पण आखूड रॉडवर पिस्टन लवकर खाली पळतो, जागा लवकर वाढते, दाबही लवकर उतरतो. खालच्या अर्ध्यात, १५० अंशांवर, हिशोब पालटतो: २१.९ विरुद्ध २०.५. अख्ख्या स्ट्रोकची बेरीज केली की दोन्हीकडे ११० मिमीच येते. सिलिंडरमध्ये तेवढीच हवा, तेवढंच डिझेल, तेवढाच स्ट्रोक, मग काम जास्त कुठून येणार? रॉड फक्त बल पोचवतो, स्वतः ऊर्जा तयार करत नाही.

मग लांब रॉड घालतातच कशाला?

पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर पडणारा बाजूचा दाब. रॉड तिरका झाला की पिस्टन सरळ खाली न जाता एका भिंतीवर रेलतो. टीव्ही१ मध्ये रॉड जास्तीत जास्त १३.६ अंश तिरका होतो, १९० च्या रॉडवर १६.८ अंश होईल. वरून तेवढंच बल असताना ९० अंशांवर भिंतीवरचा दाब २५ टक्क्यांनी वाढतो. टीडीसीच्या थोडं पुढे, जिथे गॅसचा दाब शिखरावर असतो, तिथेही वाढ २३ टक्के आहे. वर टॉर्कचा आणि टीडीसीवर थांबण्याचा फरक अगदी थोडा होता. हा फरक मात्र थेट झिजेत उतरतो.

ओव्हरहॉलला आलेल्या इंजिनाचा लायनर (सिलिंडरची आतली नळी) बोअर गेजने मोजला की हे समोर दिसतं. गेज आधी वर घालायचा, टीडीसीला वरची रिंग जिथे थांबते त्याच्या किंचित खाली. मग मध्यभागी, मग तळाशी. प्रत्येक ठिकाणी दोन मापं घ्यायची: एक क्रँकशाफ्टच्या रेषेत, दुसरं त्याच्या काटकोनात. काटकोनातलं माप बहुतेक वेळा जास्त भरतं, म्हणजे लायनर गोल राहिलेला नसून अंडाकृती झालेला असतो. वरच्या रिंगजवळची झीज मुख्यतः तेलाच्या अभावाची आणि रिंगच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाची. पण अंडाकृती होण्यात मोठा वाटा तिरक्या रॉडचा. पिस्टनच्या स्कर्टवरही (रिंगांखालच्या भागावर) एका बाजूला चकचकीत पट्टा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातल्या मशिनिंगच्या बारीक रेषा अजून शाबूत असतात. ज्या भिंतीवर पॉवर स्ट्रोकचा दाब पडतो ती बाजू कुठली, हे अशा पिस्टनवरून लगेच ओळखता येतं. प्रयोगशाळेतलं इंजिन कधी उघडलंत, तर ही मापं नक्की लिहून ठेवा. अशा नोंदी फार कमी ठिकाणी सापडतात आणि त्या खरोखर उपयोगी असतात.

काही इंजिनांत गजन पिन पिस्टनच्या बरोबर मध्यावर न ठेवता एखाद मिमी बाजूला सरकवलेली असते. पिस्टन एका भिंतीवरून दुसरीवर आदळताना होणारा आवाज त्याने कमी होतो. पिस्टनवर 'पुढे'चा बाण असतो, तो उलटा बसवला की थंड इंजिनात ठकठक सुरू होते. फारच लांब स्ट्रोकच्या इंजिनांत, म्हणजे मोठ्या जहाजांच्या टू-स्ट्रोक डिझेलमध्ये, बाजूचा दाब भिंतीवर येऊच देत नाहीत. तिथे पिस्टनला सरळ दांडा असतो आणि तिरकेपणा खालचा क्रॉसहेड सोसतो. वाफेच्या रेल्वे इंजिनातही हीच रचना होती.

दुसरं कारण कंपनाचं. वर टीडीसी आणि बीडीसीच्या त्वरणात जो फरक दिसला, त्यातूनच क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारं कंपन जन्मतं. चार सिलिंडरच्या सरळ रांगेच्या इंजिनात पहिल्या प्रतीची (क्रँकच्याच वेगाने येणारी) बलं एकमेकांना मारतात, पण ही दुसऱ्या प्रतीची (दुप्पट वेगाची) बलं चारही सिलिंडरची एकाच वेळी एकाच दिशेला येऊन जमा होतात. रॉड जितका लांब तितकी ती कमी. मोठ्या चार सिलिंडर इंजिनांसाठी मित्सुबिशीने १९७० च्या दशकात दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट आणले आणि पुढे पोर्शनेही ९४४ साठी त्यांचा परवाना घेतला. तुमच्या एका सिलिंडरच्या इंजिनात पहिल्या प्रतीचं बलच इतकं मोठं आहे की हा मुद्दा बाजूला ठेवला तरी चालेल.

तिसरं कारण जागेचं, आणि शर्यतीच्या दुनियेत लांब रॉडचा जो बोलबाला आहे त्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. क्रँकच्या केंद्रापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची ठरलेली असते. त्या उंचीत क्रँकची त्रिज्या, रॉडची लांबी आणि गजन पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची एवढं बसवायचं असतं. अमेरिकेतल्या शेव्हरोलेच्या ३५० घन इंच व्ही८ मध्ये ही मापं ४४.२, १४४.८ आणि ३९.६ मिमी आहेत. शर्यतवाले त्यात १५२.४ मिमीचा, म्हणजे सहा इंची रॉड घालतात. मग पिनपासून माथ्यापर्यंत ३२ मिमीच उरतात. पिस्टन बुटका झाला, म्हणजे हलका झाला, आणि वरखाली धावणारं वजन कमी झालं. फायदा झाला तो या वजनाचा आणि भिंतीवरच्या दाबाचा. श्रेय मात्र 'टीडीसीवर थांबण्याला' मिळतं.

म्हणूनच पिस्टन न बदलता नुसता लांब रॉड घालण्याचा विचार सोडून द्या. टीव्ही१ मध्ये रॉड फक्त १ मिमी लांब झाला, तर ज्वलनकक्षाचं आकारमान ४०.१ घन सेंटिमीटरवरून ३४.१ वर येतं आणि कॉम्प्रेशन रेशो १७.५ वरून २०.४ वर जातो. तेही पिस्टन हेडला आपटला नाही तर. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेडमधली फट मिलिमीटरच्या आसपासच असते. ती तपासायची रीत जुनी आणि खात्रीची आहे: पिस्टनच्या माथ्यावर गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना शिशाच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवायचे, गॅस्केटसह हेड पूर्ण आवळायचं, क्रँक हाताने एक फेरा फिरवायचा, हेड काढून चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजायची. वाल्व्हच्या खाली तार ठेवू नका.

आता स्ट्रोक. रॉडच्या लांबीने पिस्टनच्या चालीचा आकार थोडासा बदलतो. स्ट्रोकने चाल किती मोठी हेच ठरतं. सरासरी वेग स्ट्रोक गुणिले आरपीएमच्या प्रमाणात वाढतो, त्वरण स्ट्रोक गुणिले आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात. या दोन वाक्यांतला फरक दाखवायला आपल्या रस्त्यांवरच्या दोन मोटारसायकली पुरेशा आहेत.

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं सध्याचं इंजिन ७२ बोअर आणि ८५.८ स्ट्रोकचं, कमाल ताकद ६१०० आरपीएमला. चाकणला बनलेल्या केटीएम ३९० ड्यूकचं ३७३ सीसीचं इंजिन ८९ बोअर आणि ६० स्ट्रोकचं, कमाल ताकद ९००० आरपीएमला. स्वभावाने दोन्ही गाड्या दोन टोकांच्या. सरासरी पिस्टन वेग काढा: क्लासिकचा १७.४ मीटर, ड्यूकचा १८. जवळजवळ सारखा! मग ड्यूकने ३९९ सीसीचं इंजिन आणलं तेव्हा स्ट्रोक ६४ झाला आणि कमाल ताकदीचे आरपीएम ८५०० वर आले, वेग १८.१. म्हणजे स्ट्रोक चार मिमी वाढला आणि त्या बदल्यात पाचशे आरपीएम गेले.

पण वेग सारखा असला तरी त्वरण सारखं नसतं. रॉडचा भाग सोडून नुसतं क्रँकचं त्वरण पाहिलं तर क्लासिकचं सुमारे १७,५०० मीटर प्रति सेकंद वर्ग, ३७३ सीसीच्या ड्यूकचं २६,६००. दीडपट. म्हणून 'स्ट्रोक आखूड म्हणजे इंजिनावर ताण कमी' हे अर्धवट विधान आहे. आखूड स्ट्रोकमुळे जास्त आरपीएमची मुभा मिळते आणि ती वापरली की रॉड आणि पिस्टनवर ताण वाढतो. फॉर्म्युला वनच्या २.४ लिटर व्ही८ इंजिनांत बोअर ९८ मिमी आणि स्ट्रोक जेमतेम ४० होता. १८,००० आरपीएमला सरासरी वेग २४ मीटरच्या घरात आणि त्वरण गुरुत्वाच्या सात हजार पटींहून जास्त. ती इंजिनं टिकली ती हलके पिस्टन, उत्तम धातू आणि ठरावीक अंतराने पूर्ण बदलल्या जाणाऱ्या भागांच्या जोरावर.

स्ट्रोक वाढवला की क्षमता वाढते, म्हणून टॉर्कही वाढतो. हा फायदा खरा आहे. पण तोच रॉड ठेवून स्ट्रोक वाढवला की गुणोत्तर घसरतं, म्हणजे रॉड आखूड करण्याचे सगळे तोटेही पदरात पडतात. शिवाय स्ट्रोक २ मिमीने वाढला की पिस्टन वर १ मिमी आणि खाली १ मिमी जास्त जातो. वरचा १ मिमी काय करतो ते आधी पाहिलंच. खालचा १ मिमी पिस्टनचा स्कर्ट क्रँकवरच्या तोल राखणाऱ्या वजनाला घासतो का, हे तपासायला लावतो.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे पिस्टनच वाल्व्हचं काम करतो. पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांची) उंची मिलिमीटरमध्ये ठरलेली असते, त्यामुळे आखूड रॉडवर, पिस्टन बीडीसीजवळ रेंगाळत असल्याने, तेच पोर्ट जास्त अंश उघडं राहतं. एका इंजिनाच्या 'टीडीसीआधी इतके मिमी' या इग्निशन टायमिंगचा आकडा दुसऱ्या इंजिनावर लावायचा नाही, तोही याच कारणाने. मिमीचे अंश करताना स्ट्रोक आणि रॉड दोन्ही लागतात.

तुमच्या प्रकल्पासाठी माझं सुचवणं असं: रॉडला हात लावू नका. इंजिनाचा पी-थीटा आलेख (क्रँकच्या कोनानुसार सिलिंडरमधला दाब) घ्या, त्यावर २३४ आणि १९० अशा दोन्ही रॉडची पिस्टनची चाल गणिताने बसवा, आणि भिंतीवरचा बाजूचा दाब दर अंशाला काढून दाखवा. मग लायनरच्या मोजलेल्या झिजेशी तो ताडून बघा. हे करताना एन्कोडरचा (क्रँकचा कोन मोजणाऱ्या यंत्राचा) टीडीसी मात्र नीट पकडा. नुसता डायल गेज लावून 'काटा थांबला तो टीडीसी' असं ठरवू नका: या इंजिनात टीडीसीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एक-एक अंश क्रँक फिरला तरी पिस्टन फक्त ०.०१ मिमी सरकतो, म्हणजे गेजचा एक भाग. त्याऐवजी काटा भरभर फिरतो अशा जागी, टीडीसीच्या अलीकडे ५ मिमीवर फ्लायव्हीलवर खूण करा, पलीकडे त्याच ५ मिमीवर दुसरी खूण करा आणि दोन्ही खुणांचा मध्य घ्या. दोन्ही वेळा क्रँक एकाच दिशेने फिरवत आणा, नाहीतर बेअरिंगमधला खेळ मापात मिसळेल.